गिरमिट चालवायचं का?

(दृश्य: धूमकेतूचा काळा, खडबडीत पृष्ठभाग. कड्याच्या सावलीत सगळं बुडालेलं.)

१३ नोव्हेंबर २०१४. जर्मनीतलं कोलोन. इथल्या नियंत्रण कक्षात काल टाळ्यांचा कडकडाट झाला होता. आज सगळे बॅटरीतली वीज मोजतायत.

काल ‘फिली’ हे छोटं यान धूमकेतूवर उतरलं. ६७पी चुर्युमोव्ह-गेरासिमेन्को हा तो धूमकेतू. रोझेटा या मोठ्या यानाच्या अंगाला चिकटून फिलीनं दहा वर्षं प्रवास केला होता. पृथ्वीवर सुमारे १०० किलो भरणारं हे यान, पण धूमकेतूचं गुरुत्वाकर्षण इतकं नगण्य, की तिथे त्याचं वजन जेमतेम एक ग्रॅम.

म्हणूनच त्याला जखडून ठेवायची सोय केली होती. टेकताक्षणी वरून गॅसचा झोत त्याला खाली दाबणार, दोन हार्पून, म्हणजे दोरीला बांधलेले भाले, जमिनीत घुसणार. झोत सुटला नाही. हार्पूनही उडाले नाहीत. फिली टेकलं आणि उसळलं. जवळजवळ दोन तास ते धूमकेतूवर तरंगत राहिलं आणि शेवटी ठरल्या जागेपासून दूर, एका कड्याच्या आडोशाला विसावलं. तिथे दिवसाला सहा-सात तासांऐवजी जेमतेम दीड तास ऊन. म्हणजे सौर पट्ट्यांवर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. मुख्य बॅटरी साधारण ६० तासांची, आणि त्यातले बरेच तास संपलेले.

(दृश्य: फिलीचं रेखाचित्र. पोटाखालून सरकत येणारी ड्रिलची नळी.)

फिलीवर दहा उपकरणं होती. त्यातलं एक म्हणजे ‘एसडी२’ हे इटलीत घडलेलं ड्रिल, आपल्या भाषेत गिरमिट. त्याच्या प्रमुख मिलानच्या प्राध्यापक अमालिया एर्कोली फिन्झी. इटलीत वैमानिकी अभियांत्रिकीची पदवी घेणाऱ्या पहिल्या महिला. ड्रिलनं माती उचलायची, इवल्याशा भट्टीत टाकायची, भट्टी तापवायची आणि निघणारे वायू ‘कोसॅक’ या उपकरणानं तपासायचे. इतक्या लांब येण्यामागचं एक मोठं कारण हेच.

आणि याचीच भीतीही होती.

भिंतीला भोक पाडताना आपण ड्रिलवर अंगाचा भार टाकतो, कारण भिंत ड्रिलला मागे रेटत असते. फिलीकडे टाकायला भारच नव्हता. छायाचित्रांवरून एक पाय अधांतरी असावा असं दिसत होतं. ड्रिल टेकलं आणि यान उलटलं, तर? अँटेना भलतीकडे वळणार, रोझेटाशी संपर्क तुटणार. मग आत साठलेली मोजमापंही कायमची तिथेच.

मग करायचं काय? उत्तर क्रमात होतं. ज्यांना काहीच हलवावं लागत नाही ती उपकरणं आधी: कॅमेरे, चुंबकक्षेत्र मोजणारं यंत्र, धूमकेतूच्या आरपार रेडिओलहरी सोडणारं यंत्र. त्यांची माहिती घरी आणायची. मग जमिनीत खुंटी ठोकणारा हातोडा. ड्रिल शेवटी.

मला यातला शहाणपणा याच क्रमात दिसतो. बॅटरी भरलेली असताना ड्रिल चालवणं हा उतावीळपणा ठरला असता. बॅटरी संपत आल्यावर ते जपून ठेवणं हा मूर्खपणा. बंद पडलेल्या यानातल्या शाबूत ड्रिलचा कुणाला काय उपयोग?

‘म्यूपस’ या उपकरणाचा तो हातोडा चालवला. जमीन कठीण निघाली. ठोक्यांचा जोर वाढवत नेला. हातोडा मोडला, पण भोक काही पडलं नाही. यान मात्र उलटलं नाही.

१४ नोव्हेंबर. आज्ञा गेली. पन्नास कोटी किलोमीटरचं अंतर; संदेश पोहोचायलाच २८ मिनिटं. त्या रात्री संपर्क पुन्हा होईल याची खात्री नव्हती. झाला. ड्रिल सुमारे ४७ सेंटिमीटर खाली गेलं, वर आलं, भट्टी तापली. सगळं ठरल्याबरहुकूम. फक्त कोसॅकच्या नोंदींत मातीचा मागमूस नव्हता.

म्हणून निर्णय चुकला का? नाही. ड्रिल चालवलं नसतं तरी वीज संपणारच होती. जाता जाता यान चार सेंटिमीटर उचलून ३५ अंशांनी फिरवलं, मोठी सौर पट्टी उन्हाकडे यावी म्हणून. मध्यरात्रीनंतर फिली झोपी गेलं.

गंमत अशी, की सेंद्रिय संयुगांचा वास कोसॅकला आधीच लागला होता. पहिल्या उसळीत उडालेली धूळ त्याच्या नळ्यांत शिरली होती. ड्रिलनं जे आणायचं, त्यातलं थोडं अपघातानंच हाती लागलं होतं.

(दृश्य: सप्टेंबर २०१६. २.७ किलोमीटरवरून रोझेटानं टिपलेलं छायाचित्र.)

जवळजवळ दोन वर्षांनी फिली सापडलं. एका अंधाऱ्या कपारीत, कुशीवर कलंडलेलं. खाली सरळ सपाट जमीन असेल या हिशोबानं बांधलेलं ड्रिल अशा अवस्थेत कुठे पोहोचलं असेल, याचा अंदाज त्या छायाचित्रावरून बांधता येतो. बहुधा ते पोकळीतच फिरलं.