शेकाट्याचे पाय आणि नागपूरचा मे महिना

श्रोतेहो, आज ज्या पक्ष्याविषयी बोलायचे आहे, तो ओळखण्यासाठी दुर्बिणीचीही फारशी गरज पडत नाही. पांढरे अंग, काळे पंख, सुईसारखी सरळ काळी चोच आणि त्याखाली काडीसारखे गुलाबी पाय असा एखादा पक्षी तलावाच्या उथळ काठाशी दिसला, की तो शेकाट्या. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७५८ साली त्याची शास्त्रीय नोंद केली. ‘हिमँटोपस’ या त्याच्या नावाचा ग्रीक अर्थ ‘वादीसारखे पाय असलेला’ असा आहे. गंमत म्हणजे ज्या कुळात तो मोडतो, त्या कुळाचे नाव वर वळलेल्या चोचीवरून पडले आहे. ती चोच त्याच्या भाऊबंदाची, उचाट्याची. शेकाट्याची मात्र सरळच.

चोचीपासून शेपटीपर्यंत जेमतेम ३५ ते ४० सेंटीमीटर लांबीचा आणि दोनशे ग्रॅमच्या आतबाहेर वजनाचा हा पक्षी आहे. अंगाच्या मानाने याहून लांब पाय फक्त रोहित पक्ष्यांना असतात. आपण ज्याला त्याचा उलटा वाकणारा गुडघा समजतो, तो खरे तर घोटा आहे. गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. म्हणजे शेकाट्या आयुष्यभर चवड्यांवरच चालत असतो.

या पायांचा उपयोग उघड आहे. तुतवार पाण्याच्या कडेने फिरतो आणि चिखल्या ओल्या गाळावर धावतो, पण वीतभर पाण्यात अंग न भिजवता उभे राहून पृष्ठभागावरचे किडे आणि खालच्या अळ्या टिपणे शेकाट्यालाच जमते. त्याच्या खाण्यात डासासारख्या, पण न चावणाऱ्या माश्यांच्या लाल अळ्या बऱ्याच असतात. त्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असल्यामुळे, जिथे प्राणवायू कमी असतो अशा सांडपाण्याच्या गाळातही त्या तगतात, किंबहुना तिथेच त्या उदंड होतात. म्हणून शेकाट्यांचा थवा पाहून ‘पाणी स्वच्छ असणार’ असे अनुमान कोणी काढू नये. नागपूरच्या नाग नदीसारख्या, शहराचे सांडपाणी वाहून नेणाऱ्या प्रवाहाच्या उथळ पाण्यातही त्याची पंगत मांडलेली असू शकते.

पण पायांची खरी कसोटी विणीच्या काळात लागते, आणि मला आज त्याविषयीच अधिक बोलायचे आहे. आपल्याकडे शेकाट्या मुख्यतः एप्रिल ते ऑगस्टमध्ये वीण करतो. तलाव आटून काठचा गाळ उघडा पडतो, त्या वेळी पाण्यालगत किंवा पाण्यातल्या उंचवट्यावर काटक्या, पाणवनस्पती आणि चिखल यांचे साधेसे घरटे करून त्यात बहुधा चार अंडी घातली जातात. मातकट रंगावर काळे डाग असल्यामुळे ती दहा पावलांवरूनही दिसत नाहीत. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने सुमारे २२ ते २६ दिवस अंड्यांवर बसतात. एवढे लांब पाय दुमडून बसताना घोट्याचे सांधे शेपटीच्या बाजूला बाहेर आलेले दिसतात. ते दृश्य जरा केविलवाणेच असते.

आता विदर्भातला मे महिना डोळ्यांसमोर आणा. पारा ४५ अंशांवर गेलेला, झाडाची सावली नाही, आणि उघड्या गाळाचा ताप हवेहूनही जास्त. अशा वेळी अंडी उबवणे म्हणजे ती ऊब देऊन वाढवणे नव्हे, तर ती भाजू न देणे. पक्षी त्यांच्यावर उभा राहून सावली धरतो. ऊन फारच चढले, की तो पाण्यात जाऊन पोटाची पिसे भिजवतो आणि परत येऊन ओल्या पोटाने अंड्यांवर बसतो. पाण्याची वाफ होताना उष्णता निघून जाते आणि अंडी गार राहतात. आपल्या घरातला कूलर याच न्यायाने चालतो. पाणी दूर हटले, तर ही ये-जा लांबते आणि तेवढा वेळ अंडी उन्हात उघडी राहतात.

उलट संकट पाण्याचेच. अवकाळी पावसाने पातळी वाढू लागली, तर जोडपे घरट्याखाली काटक्या सारून ते उंच करू लागते. कुत्रा जवळ आला, तर दोघे ‘किक् किक्’ असा कलकलाट करीत डोक्यावर घिरट्या घालतात किंवा पंख मोडल्याचे सोंग आणून त्याला दुसरीकडे नेतात. नांगराला मात्र हे सोंग फसवू शकत नाही. आटलेल्या तलावाच्या पोटात गाळपेर होते, ती नेमकी याच जमिनीवर. शेतकऱ्याला दोष द्यावा असे मला वाटत नाही, पण काठचा थोडा पट्टा त्या हंगामापुरता सोडता येईल, असे वाटते.

पिल्ले अंड्यातून बाहेर पडल्यावर दिवसभरातच चालू लागतात आणि स्वतःच टिपून खातात. साधारण महिन्याभराने ती उडू लागतात. पहिल्या वर्षी त्यांची पाठ तपकिरी, पिसांच्या कडा फिकट आणि पायांचा गुलाबी रंग मळकट असतो. हिवाळ्यात नागपूरच्या गोरेवाडा तलावावर गेलात आणि थव्यात असे मळक्या पायांचे पक्षी दिसले, तर ते त्या उन्हाळ्यातून वाचलेले आहेत असे समजा.