चुनखडीतली सरकण आणि मार्करचा बाण

मंडळी, हा यादवाडकडचा चुनखडीचा तुकडा मागेपर्यंत जाऊ द्या. हातात घेऊन बघा, मग बोलू.

आपलं बेळगाव काळ्या दगडावर वसलेलं. गोकाक ओलांडून यादवाड, लोकापूर, मुधोळच्या वाटेला लागलं की दगडाचा रंग पालटतो. हे कलादगीचं खोरं. इथली चुनखडी नि डोलोमाइट (चुनखडीचाच मॅग्नेशियमवाला भाऊ) शंभर कोटी वर्षांच्या पलीकडचे आहेत, आणि त्यांना घड्या पडल्या आहेत. वर बदामीचा वालुकाश्म मात्र जवळजवळ आडवा बसलाय. म्हणजे घड्या आधीच्या, वाळू नंतरची.

जाड वही दुमडून बघा. पानं एकमेकांवरून सरकतात आणि कड तिरकी होते. खडकाचे थरही तसेच सरकतात. कुठला थर कुठे सरकला, हे कॅल्साइटच्या, म्हणजे चुनखडी ज्या खनिजाची बनते त्याच्या, कणांना विचारावं लागतं.

कॅल्साइट हा मऊ, सोशिक स्फटिक. आइसलँड स्पारच्या, म्हणजे पारदर्शक कॅल्साइटच्या, कडेवर चाकूचं पातं जपून दाबलं तर तो फुटत नाही. त्याचा एक कोपरा ठरावीक कोनात कलून बसतो. 1879 साली खनिजांचे अभ्यासक बाउमहाउअर यांनी हे करून दाखवलं. याला जुळा स्फटिक म्हणतात. खडकात दाब आला की कणाकणांत असे जुळे पट्टे उमटतात. खडक थंड असेल तर ते केसासारखे बारीक राहतात, तापमान साधारण 200 अंशांपुढे गेलं की जाड होतात. 1953 मध्ये भूवैज्ञानिक टर्नर यांनी या पट्ट्यांवरून दाबाची दिशा काढायची रीत बसवली.

आणखी ऊब मिळाली की पट्टे पुरे पडत नाहीत. जुने कण मोडतात, त्यांच्या जागी बारीक नवे कण जन्मतात आणि सरकणीत लांबट होऊन कलतात. वाऱ्याने लोळलेला ऊस आठवा. शेंडे जिकडे, वारा तिकडे गेला. कणांचंही तसंच: त्यांची वरची टोकं जिकडे झुकलेली, तिकडे वरचा थर गेला. पण सरकण चालू असेपर्यंत नवे कण येतच राहतात, आधीचे पुसले जातात. म्हणून हा कल सरकणीचा शेवटचा टप्पा सांगतो, अख्खा प्रवास नाही. मला या विषयात सगळ्यात मोलाचं वाटतं ते हेच. डोलोमाइट त्यामानाने ताठ. मऊ कॅल्साइट भोवतीने वाहून जातो, डोलोमाइट मधे खड्यासारखा टिकतो.

स्वित्झर्लंडमध्ये ग्लारुसला जुने खडक नव्या खडकांच्या डोक्यावर बसलेत, मधे चुनखडीचा मीटर-दोन मीटरचा पट्टा. एशर आणि हाइम या भूवैज्ञानिकांनी तिथे समोरासमोरच्या दोन घड्या मानल्या होत्या. 1884 मध्ये फ्रेंच भूवैज्ञानिक मार्सेल बर्ट्रां म्हणाले, घडी नाही, एकच सरकण. वरचा खडक उत्तरेकडे कित्येक किलोमीटर गेला होता, आणि त्या वाटचालीचा मोठा भार या एवढ्याशा पट्ट्याने सोसला.

आता कामाचं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा छेद, म्हणजे दगडाचा पातळ काप, 0.03 मिलिमीटर जाडीचा असतो. तो सरकणीने खडकावर उमटलेल्या रेघांना समांतर आणि खडकाच्या पापुद्र्यांना काटकोनात कापावा लागतो. आणि तोच छेद पालथा ठेवला की उजवीकडची सरकण डावीकडे दिसते! उमेदवारीच्या काळात दोन दिवस उन्हात फिरून मी पोतंभर दगड आणले. कण सुरेख कललेले होते. पण एकाही दगडावर खूण नव्हती, त्यामुळे ते पूर्वेकडे कलले की पश्चिमेकडे, हे कधीच कळलं नाही. आजही त्याची हळहळ वाटते.

खाणीवर जाणारी मुलं समोर बसली आहेत, त्यांना सांगतो. सुरुंगाने उडालेला दगड आणू नका. थरात घट्ट असलेला शोधा. काढण्याआधी त्यावर मार्करने उत्तरेचा बाण काढा, वरची बाजू लिहा, थर किती अंशांनी कुठे उतरतो ते टिपून ठेवा, मोबाइलवर फोटो घ्या. मग हातोडा.

टेबलावर दोन छेद लावून ठेवलेत. डावीकडचा आधी बघा, त्यात जुळे पट्टे ठळक आहेत.