वीज क्वचित जाते त्या शहरातील बॅकअप

मित्रहो, इन्व्हर्टर, यूपीएस, जनरेटर आणि सौर यंत्रणा यांची तुलना करताना आपण सहसा किंमत आणि क्षमता एवढेच पाहतो. मुंबईत राहणाऱ्यांनी त्यांच्याही आधी आणखी एक गोष्ट विचारायला हवी, असे माझे ठाम मत आहे. ती म्हणजे, वर्षभर स्वस्थ पडून राहिलेली ही यंत्रणा ऐन वेळी चालेल का? जिथे रोज भारनियमन असते, तिथे इन्व्हर्टरची बॅटरी उतरू लागली की त्याच आठवड्यात घरातल्या सर्वांना कळते. आपल्याकडे वीज इतकी क्वचित जाते की बॅटरी निकामी होऊन कित्येक महिने लोटले तरी कोणाला पत्ता लागत नाही. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबईचा वीजपुरवठा कोलमडला, लोकल जागच्या जागी थांबल्या आणि शहराचा मोठा भाग काही तास विजेविना राहिला. बॅकअपची खरी परीक्षा अशा दिवशी होते आणि तो दिवस आधी सांगून येत नाही.

तुलनेची सुरुवात उपकरणापासून करावी. वीज गेल्यापासून बॅकअप सुरू होईपर्यंतचा खंड ते उपकरण किती काळ सोसू शकते, हे प्रथम पाहावे. आपला पुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांत पूर्ण होते. संगणकाचा पॉवर सप्लाय साधारण तेवढाच, किंबहुना त्याहून थोडा कमी वेळ तग धरतो. साधा ऑफलाइन यूपीएस काही मिलिसेकंदांत बॅटरीवर येतो, त्यामुळे घरच्या संगणकाला तो पुरतो. लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसचा खंडही तेवढाच असतो, पण व्होल्टेज थोडे वरखाली झाले तर तो बॅटरीला हात न लावता ते सावरून घेतो. दुकानातील बिलिंग यंत्रासाठी किंवा लहान कार्यालयासाठी मी हाच सुचवेन. ऑनलाइन यूपीएसमध्ये आलेली वीज सतत डीसी (एकाच दिशेने वाहणारी) करून पुन्हा एसी (दिशा बदलत वाहणारी) केली जाते, त्यामुळे खंड पडतच नाही. पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतील विश्लेषक यंत्र किंवा सर्व्हर यांना त्याची गरज असते. मात्र ही सोय फुकट मिळत नाही. ५०० वॉटचा भार ९० टक्के कार्यक्षमतेच्या ऑनलाइन यूपीएसवर बारा महिने चोवीस तास चालवला, तर वीज एकदाही न जाता सुमारे ४८० युनिट केवळ उष्णतेत जातात, आणि ती उष्णता बाहेर काढण्यासाठी वातानुकूलनाचा खर्च वेगळाच.

घरगुती इन्व्हर्टरचे काम निराळे आहे. त्याला खंडाची पर्वा कमी आणि तास भरून काढण्याची चिंता जास्त. १२ व्होल्ट, १५० एएच (अँपिअर-तास) क्षमतेच्या बॅटरीत कागदावर १८०० वॉट-तास असतात. रूपांतरातील तूट वजा केली आणि बॅटरी तळापर्यंत रिती करायची नाही हे पथ्य पाळले, तर हाती साधारण बाराशे येतात. तीन जुने पंखे, चार एलईडी दिवे आणि राउटर मिळून २७५ वॉट होतात, म्हणजे चार तासांची सोय झाली. पंखे बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचे) असतील तर हाच काळ दुपटीहून अधिक होतो, म्हणून मोठी बॅटरी घेण्याआधी पंखे बदलण्याचा हिशेब अवश्य करावा. बॅटरीवरचा १५० हा आकडा बहुधा वीस तासांत सावकाश उपसण्याच्या वेगासाठी दिलेला असतो. दुप्पट भार टाकला तर वेळ निम्म्याहूनही कमी होतो, आणि इथेच अनेकांचा अंदाज चुकतो. केवळ राउटरसाठी मात्र इन्व्हर्टरही नको, १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरेसा आहे.

मुंबईच्या हवेचा विचार न करता बॅटरी निवडणे हे मला सर्वांत मोठे दुर्लक्ष वाटते. सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचे आयुष्य २५ अंश तापमान धरून सांगितलेले असते आणि तापमान दहा अंशांनी वाढले की ते जवळपास निम्मे होते. जिन्याखालच्या बंद कपाटात, वायुवीजन नसलेल्या जागी ठेवलेली बॅटरी सांगितलेली वर्षे टिकणार नाही. ट्युब्युलर (नळीसारख्या प्लेट असलेली) बॅटरी अधिक सोशिक असते, पण तिला डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घालावे लागते, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि खाऱ्या दमट हवेत तिच्या टर्मिनलांवर गंज चढतो. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी महाग असली तरी तिला पाणी लागत नाही, ती अधिक खोलवर वापरता येते आणि भरण्या-उतरण्याची हजारो आवर्तने टिकते. रोज वीज जाणाऱ्या ठिकाणी तिची किंमत लवकर वसूल होते. मुंबईत वर्षाकाठी मोजकी आवर्तने होत असतील, तर केवळ आवर्तनांच्या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत. जागेची अडचण आणि देखभालीला माणूस नसणे ही तिच्या बाजूची खरी कारणे आहेत.

लिफ्ट, पाण्याचे आणि अग्निशमनाचे पंप यांच्यासाठी सोसायटीला डिझेल जनरेटरच लागतो, कारण मोटर सुरू होताना चालू स्थितीच्या पाच-सहा पट प्रवाह ओढते. जनरेटर भार घेईपर्यंत दहा-पंधरा सेकंद जातात, आणि तो सुरूच झाला नाही तर अडकलेल्या लिफ्टला जवळच्या मजल्यावर आणणारे बॅटरीवरील बचाव उपकरण वेगळे असावे लागते. जनरेटर तळघरात बसवू नये, एवढे तरी २६ जुलै २००५ च्या पुरानंतर आपल्याला पटायला हवे. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता. जनरेटरची वीज आणि कंपनीची वीज कधीही एकत्र येऊ न देणारा चेंजओव्हर स्विच तर सक्तीचाच समजावा, कारण उलट गेलेल्या विजेने लाइनवर काम करणाऱ्या माणसाचा जीव जातो.

याच कारणासाठी गच्चीवरची साधी ग्रिडला (वीज कंपनीच्या जाळ्याला) जोडलेली सौर यंत्रणा वीज जाताच स्वतःहून बंद होते. अनेक सोसायट्यांना हे ठाऊक नसते. भर दुपारी पॅनेलवर ऊन असूनही इमारतीत वीज नसते. वीज गेलेली असताना सौर ऊर्जा हवी असेल तर बॅटरीसह हायब्रिड इन्व्हर्टर (ग्रिड नसतानाही पॅनेल व बॅटरीवर चालणारा) घ्यावा लागतो.

आता चाचणीविषयी. महिन्यातून एकदा, रहिवाशांना आधी कळवून आणि लिफ्ट रिकामी असल्याची खात्री करून, इलेक्ट्रिशियनच्या उपस्थितीत मुख्य स्विच प्रत्यक्ष बंद करावा. जनरेटर रिकामा फिरवून भागत नाही; किमान तीस टक्के भारावर तो अर्धा तास चालला पाहिजे, नाहीतर न जळलेले इंधन एक्झॉस्टमध्ये साचते. त्याची स्टार्टर बॅटरी तपासावी, कारण जनरेटर सुरू न होण्यामागे बहुतेकदा तीच असते. पावसाळ्यात टाकीच्या तळाशी साचलेले पाणी काढावे. यूपीएसवर नेहमीचा भार ठेवून तो किती मिनिटे चालला ते तारखेसह वहीत लिहावे. नवा असतानाच्या वेळेपेक्षा तो निम्म्यावर आला की यंत्र शाबूत दिसत असले तरी बॅटरी बदलावी आणि जुनी विक्रेत्याकडेच परत द्यावी.