निम्मा, पण कशाचा?

नमस्कार, श्रोतेहो. घरात पाचवी-सहावीतलं पोर असेल तर त्याला जरा रेडिओजवळ बसवा. आज शाब्दिक उदाहरणं.

मी सहावीत असतानाची गोष्ट. दिवाळीनंतरचे दिवस, करवीर तालुक्यातलं मामांचं गुऱ्हाळ. काहील नुकतीच उतरलेली, गूळ करणारा गुळव्या वाफ्यात पाक घोटतोय. गुळाच्या ढेपेला तिकडं रवा म्हणतात. मामांनी मला हाक मारली. "भाच्या, हिकडं ये. झालेल्या रव्यातला तिसरा हिस्सा काल वाटेकऱ्याला दिला. उरल्यातला निम्मा आज गाडीत भरला. आता हितं आठ रवं हाईत. सगळं किती झालं हुतं?"

मी चटकन एक तृतीयांश आणि एक द्वितीयांश मिळवले, पाच षष्ठांश आले. उरला एक षष्ठांश, म्हणजे आठ. "अठ्ठेचाळीस!"

मामा हसले नाहीत, रागावले नाहीत. चुलवणापुढच्या राखेत त्यांनी काठीनं एक लांब रेघ ओढली, तिचे तीन सारखे तुकडे केले. एक तुकडा पुसला. "ह्यो वाटेकऱ्याचा. आता राहिलं किती?" दोन. "त्यातला निम्मा?" एक. "आन् ह्यो शेवटचा म्हंजे हे आठ रवं." तीन तुकडे, आठ त्रिक चोवीस! मग म्हणाले, "निम्मा म्हटलं की आधी इचारायचं, कशाचा? सगळ्याचा, का उरल्याचा?"

   

तर, निम्मा कशाचा? सगळ्याचा, का उरल्याचा? एवढं विचारा आणि रेघ ओढा.

गुणोत्तरालाही तीच रेघ. तालमीत मोठे पैलवान आणि पोरं यांचं गुणोत्तर तीनास पाच, पोरं बारानं जास्त. जास्तीचे तुकडे दोन, म्हणजे एक तुकडा सहाचा. पैलवान अठरा, पोरं तीस. पावकी-निमकी, म्हणजे पाव आणि अर्ध्याचे पाढे, पाठ असलेल्या आमच्या आजीला हे तोंडी यायचं. ती पाठांतरं शाळेत परत यायला हवीत, असं मला मनापासून वाटतं.

जाता जाता 1150 सालच्या 'लीलावती'तलं, भास्कराचार्यांचं एक उदाहरण. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा हिस्सा कदंबावर गेला, तिसरा हिस्सा शिलींध्राच्या फुलावर. या दोन हिश्श्यांतल्या फरकाच्या तिप्पट भुंगे कुड्याच्या झाडावर गेले. एक भुंगा हवेत घिरट्या घालत राहिला. थवा केवढा? इथले हिस्से सगळे सगळ्याचेच आहेत, उरल्याचे नाहीत. रेघेचे पंधरा तुकडे करून बघा.