घाट उतरण्यापूर्वी

खंडाळ्याहून खोपोलीकडे निघालेला हा ट्रक तीन आसांचा (अ‍ॅक्सलचा) आहे. मालासह त्याचे वजन साडेअठ्ठावीस टनांपर्यंत असायला कायद्याची परवानगी आहे. 2018 पर्यंत ही मर्यादा 25 टन होती. बोरघाटात त्याला सुमारे पाचशे मीटरची उंची थोड्याच अंतरात उतरायची आहे, आणि एवढ्या वजनाला उताराने दिलेला जोर कुठेतरी जिरवावाच लागतो. चालकाने माथ्यावरच खालचा गिअर टाकला, तर त्यातला मोठा वाटा इंजिन पेलते. त्याने गाडी न्यूट्रलवर सोडली, तर सगळा भार ब्रेकच्या लायनरवर, म्हणजे ड्रमला घासून चाक रोखणाऱ्या पट्ट्यांवर, येतो. लायनर तापतात, ड्रम तापतो आणि मग पॅडल कितीही दाबले तरी ब्रेक पकड घेत नाही. अशा ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. डिझेल वाचवण्यासाठी इंजिनच बंद केले असेल, तर ही हवा भरणारा कंप्रेसरही थांबतो, आणि प्रत्येक वेळी ब्रेक दाबला की टाकीतली हवा उतरत जाते, ती पुन्हा भरत नाही.

घाटाच्या पायथ्याशी थांबलेल्या अशा ट्रकच्या मागच्या चाकाजवळ हात न्या. हात टेकवावा लागत नाही. वीतभर अंतरावरूनच धग लागते आणि करपलेल्या लायनरचा वास नाकात बसतो.

20 नोव्हेंबर 2022 च्या रात्री पुण्यात, कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर एका अवजड वाहनाने 48 वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याचे सांगितले गेले. तपासणीत मात्र चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याचे समोर आले. तीन वर्षांनी, 13 नोव्हेंबर 2025 रोजी, त्याच पुलाच्या परिसरात पुन्हा एका कंटेनरने वाहनांना उडवले, आग लागली आणि आठ जणांचे प्राण गेले. चालकाचा दोष असेल तिथे तो लपवण्याचे कारण नाही. पण एकाच उतारावर तीच घटना पुन्हा घडते, तेव्हा प्रश्न फक्त स्टिअरिंगमागच्या माणसाला विचारून भागत नाही. तो त्या उताराची जबाबदारी ज्यांच्याकडे आहे त्यांनाही विचारावा लागतो.

ही जबाबदारी एका खुर्चीत नाही. गाडीचे पासिंग, परवाना आणि रस्त्यावर वाहने तपासणारी वायुवेग पथके परिवहन आयुक्तांच्या अखत्यारीत येतात. महामार्ग पोलीस अपर पोलीस महासंचालकांच्या हाताखाली काम करतात. रस्ता, त्याचा उतार, त्यावरचे फलक आणि दिवे हे राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचे किंवा राज्य रस्ते विकास महामंडळाचे काम आहे. जिल्हा रस्ता सुरक्षा समितीत जिल्हाधिकारी असतात. या साऱ्यांवर लक्ष ठेवण्यासाठी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये निवृत्त न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. इतकी माणसे काम करत असतानाही 2022 या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर 1,68,491 माणसे मृत्युमुखी पडली आणि त्यांतली पंधरा हजारांहून अधिक महाराष्ट्रात होती.

या खुर्च्यांच्या मधल्या फटीत नेमके काय पडते, ते पाहण्यासारखे आहे. चालकाची झोप पडते. आठवड्याला 48 तास, दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, हे मोटार परिवहन कामगार कायद्याने 1961 मध्येच घालून दिले होते. तो कायदा पाच किंवा अधिक कामगार असलेल्या उपक्रमांपुरता होता. परंतु 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम 91 ने तेच तास मालवाहू वाहन चालवणाऱ्या प्रत्येकाला लागू केले, मग मालकाकडे एकच ट्रक का असेना. तरतूद एवढी स्पष्ट आहे. तरीही नाक्यावर अडवलेल्या चालकाकडे परवाना, विमा, पीयूसी आणि बिल्टी, म्हणजे मालाची पावती, मागितली जाते. तो शेवटचा कधी झोपला होता, हे विचारणारा कागद कुणाच्या हातात नसतो. खेपेमागे पैसे मिळणारा माणूस आपणहून ते सांगणार नाही, कारण त्याच्या दृष्टीने थांबणे म्हणजे भाडे बुडणे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावरचे नवे कॅमेरे वेग पाहतात, सीटबेल्ट पाहतात, मार्गिका पाहतात. डोळ्यांवर आलेली झापड त्यांच्या दंडाच्या पावतीत येत नाही.

जास्त मालाचेही तसेच आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोड गाडीला वीस हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला दोन हजार रुपये दंड आहे, शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी पुढे जाऊ द्यायची नाही, असेही कायदा सांगतो. वजनकाट्याशेजारी माल उतरवायला जागा आणि हमाल नसतील, तर निरीक्षकाने करायचे काय? पावती फाडली जाते आणि तेच वजन घाटाकडे निघते. वसूल झालेल्या दंडाच्या आकड्यावर कार्यालयाचे काम मोजणे मला म्हणूनच घातक वाटते. तो आकडा वाढला, तरी उतारावरचा भार किलोभरही कमी झालेला नसतो.

दुसरी वाट आपल्याच राज्यात चालून पाहिलेली आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर 2016 मध्ये 151 जणांचा मृत्यू झाला होता. त्या वर्षापासून महामंडळ, महामार्ग पोलीस आणि रस्ता सुरक्षेसाठी काम करणारी सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था यांनी एकत्र बसून अपघातांची कारणे तपासली. कडेला उभ्या केलेल्या ट्रकवर मागून आदळणे, हे त्यांतले एक मोठे कारण निघाले. मग उभी वाहने हटवणे, उघडे कठडे झाकणे आणि जखमीपर्यंत लवकर पोहोचणे, अशी साधीच दिसणारी कामे हाती घेतली गेली. 2020 पर्यंत मृत्यूंची संख्या निम्म्याहून खाली आली होती.

त्या कडेला उभ्या ट्रकमध्ये बरेचदा कुणीतरी झोपलेले असते. त्याला हटवायचे तर तो झोपणार कुठे, याचे उत्तरही हटवणाऱ्यानेच द्यायला हवे: घाटाआधी उजेड, पाणी आणि राखण असलेला वाहनतळ, आणि तिथेच ब्रेक तपासणारा एक माणूस. नव्या ट्रकच्या केबिनला वातानुकूलन सक्तीचे करण्याचा नियम केंद्राने 2023 मध्ये काढला, तेव्हा चालकाचा थकवा ही सुरक्षेची बाब असल्याचे सरकारदरबारी मान्य झाले. वाहनतळ ही त्याच विचाराची पुढची पायरी आहे.

माथ्यावरचा आपला ट्रक आता निघतो आहे. चालकाने खालचा गिअर टाकला आहे आणि गाडी माणसाच्या धावेपेक्षा फार वेगाने जात नाही. मागच्या गाड्या भोंगे वाजवत आहेत. तो त्याच वेगाने पहिले वळण उतरतो.