ओट्यावर बसून बघितलेला वसंत आणि माझे गैरसमज

माझ्या घराच्या ओट्यापासून सावरीचं झाड साधारण चाळीस पावलांवर आहे. हे आधीच सांगते, कारण आज मी जे काही बोलणार आहे ते सगळं त्या चाळीस पावलांतलं आहे, त्याच्या पलीकडचं मला फारसं काही कळत नाही. मघाशी ओळख करून देताना निसर्ग अभ्यासक वगैरे म्हणालात, ते तेवढं मनातून काढून टाका. मी रिटायर झाले, आंबेगाव तालुक्यात डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या बाजूला, डोंगरात एक जुनं कौलारू घर घेतलं आणि गेली सहा वर्षं माघ ते वैशाख मी तिथे बसून असते, बस्स. आणि या सहा वर्षांत मी बघितलं त्यापेक्षा चुकीचं बघितलं जास्त. तेच सांगायला आलेय.

आपल्या डोक्यात वसंत म्हणजे हिरवं काहीतरी असतं ना, कॅलेंडरवरचं? सह्याद्रीत उलटं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगर पिवळा पडलेला असतो, गवत कुरकुरीत, ओढ्याला जेमतेम डबकी, आणि त्यात सावर अंगावर एकही पान न ठेवता लालभडक फुलते. मग पांगारा, पळस. पहिल्या वर्षी मला हे झाड वाळलंय असं वाटलं होतं आणि मी शेजारच्या मावशींना विचारलं होतं की हे तोडून घ्यायचं का. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की अजून आठवलं तरी लाज वाटते.

सावरीचं फूल हातात घेऊन बघा एकदा. पाकळी अशी जाड, मांसल, चामड्यासारखी, आणि खाली वाटीत खरंच ओल असते, बोट बुडवलं तर चिकट होतं. बाकी रानात पाणी नाही, फळ नाही, अशा वेळी ही वाटी भरलेली, म्हणजे मग सगळं गावच तिथे जमणार. मैना, बुलबुल, कोतवाल, पर्णपक्षी, सकाळी साडेसहाला जो कलकलाट सुरू होतो तो लग्नाच्या पंगतीसारखा, आणि कोतवाल तर खायचं सोडून दुसऱ्यांना हाकलण्यातच निम्मा वेळ घालवतो. रात्री वटवाघळं येतात. आणि फुलं पडतात ती धप्प आवाज करून पडतात, पहिल्या रात्री मी टॉर्च घेऊन बाहेर आले होते, कोण दगड मारतंय म्हणून.

त्या पडलेल्या फुलांसाठी भेकर, म्हणजे छोटं हरीण, येतं. हा माझा दुसरा गैरसमज. पहाटे रानातून कुत्रं भुंकल्यासारखा आवाज यायचा, एकेक सुटं भुंकणं, थांबून थांबून, आणि मी मावशींना म्हटलं की कुणाचं तरी कुत्रं रानात अडकलंय हो, बिचारं रात्रभर ओरडतंय. त्या म्हणाल्या, "ताई, त्ये कुत्रं न्हाई, भेकर हाय. वाघरू फिरत आसल." म्हणजे ज्याला मी मदतीला बोलवतंय असं समजत होते ते बिबट्याची वर्दी देत होतं आणि मी टॉर्च घेऊन त्याच दिशेला निघणार होते! भेकर पुढे तीन वर्षांनी दिसलं, पहाटेच्या अंधुक उजेडात, सावरीखाली मान घालून फुलं खात होतं, लहानसं, लालसर, बकरीएवढं. मी चहाचा कप खाली ठेवला, तेवढ्या आवाजाने गेलं.

शेकरूबद्दल तुम्ही विचारणारच, भीमाशंकर म्हटलं की सगळे विचारतात. ते अभयारण्य 1985 साली झालं ते मुख्यतः शेकरूसाठीच, आणि शेकरू आपला राज्यप्राणी आहे हे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतं. पण राज्यप्राणी म्हणून दिसणं वेगळं आणि डोक्यावरच्या फांदीवरून आपल्या ताटात हिरड्याची सालं टाकणारं जनावर म्हणून दिसणं वेगळं. घराच्या मागे आंबा, हिरडा, जांभूळ अशी दाटी आहे, तिथे मी एका मार्चमध्ये चार घरटी मोजली, फुटबॉलपेक्षा मोठे काटक्या-पानांचे गोळे, बारीक फांद्यांच्या टोकाला, आणि ओट्यावर येऊन जाहीर केलं की आपल्याकडे चार कुटुंबं राहतात. मावशी हसायला लागल्या. "येकच हाय ती. चार घरं बांधून ठिवल्यात. तुमचंबी पुण्यात येक, हितं येक हायेच की." शेकरू खरंच एकापेक्षा जास्त घरटी बांधतं, एकात झोपतं, एकात पिल्लं, असं फिरत राहतं. ते खातं ते बघण्यासारखं, मागच्या पायांनी फांदी धरून उलटं लटकायचं, शेपूट पलीकडच्या बाजूला तोलाला, आणि पुढच्या दोन्ही हातांत फळ धरून कुरतडायचं. आणि दुपारी बारानंतर फांदीवर पोट टेकून असं पसरतं की कुणी टॉवेल वाळत घातलाय असं वाटावं.

कोकिळेचं थोडक्यात सांगते, कारण ते तुम्हाला माहीत असेल: गातो तो नर, काळा कुळकुळीत, आणि मादी ठिपक्याठिपक्यांची, ती नुसतं किक-किक-किक करते. आपली सगळी गाणी तिच्या नावावर आहेत, तिला काय त्याचं.

रातवा मात्र सांगायलाच हवा. मार्च लागला की अंधार पडताना खालून आवाज सुरू होतो, चुक-चुक-चुक-चुक, एका लयीत, न थांबता. मला दोन आठवडे वाटत होतं की ओढ्यावर कुणाचं तरी इंजिन चालू राहिलंय, आणि मी एकाला सांगितलंसुद्धा की बाबा डिझेल जळतंय तुझं. तो पक्षी आहे. घरटं बांधत नाही, उघड्या जमिनीवर पाचोळ्यात दोन अंडी घालतो आणि त्यावर बसला की पाय त्याच्यावर पडायच्या बेतात येईपर्यंत हलत नाही, इतका पाचोळ्याच्या रंगाचा. आता विचार करा, याच दिवसांत डोंगरावर वणवे लागतात. लागतात म्हणजे लावले जातात, गवत चांगलं फुटतं म्हणून, किंवा कुणीतरी विडी टाकली म्हणून, किंवा नुसतीच मजा म्हणून. दोन वर्षांपूर्वी समोरच्या डोंगराची सोंड रात्रभर जळत होती, आम्ही आठ-दहा जण हिरव्या फांद्या घेऊन झोडपत होतो, सकाळी सगळं काळं. त्यानंतर त्या बाजूने त्या वर्षी रातव्याचा आवाज आला नाही. मी कान देऊन बसायचे.

आणि आता माझी सगळ्यात वाईट चूक. पडवीत बल्बचा होल्डर वायरला लोंबकळतो, त्याला एक दिवस जळमट दिसलं. वाळकी पानं, सालीचे तुकडे, अळ्यांची विष्ठा, माझ्या गोधडीचा एक निळा धागा, सगळं कोळ्याच्या जाळ्यात गुंतलेलं. मी केरसुणी घेतली आणि साफ केलं. मग लक्षात आलं की समोर दोरीवर एक मळकट पिवळसर चिमणीपेक्षा लहान पाखरू चोचीत जाळ्याचा पुंजका घेऊन बसलंय आणि वायरकडे बघतंय. सूर्यपक्ष्याची मादी. मला त्या क्षणी खाली बसावंसं वाटलं.

तिने तिसऱ्या दिवशी परत सुरू केलं. तिथेच. मी सहा-सात दिवस बल्ब लावला नाही, पडवीत मेणबत्ती. सगळं ती एकटी करते हे तेव्हा कळलं, आधी एक लांबट थैली, मग बाजूने दार, मग दारावर पत्र्याच्या छपरासारखी छोटीशी झडप, आणि मधूनमधून आत शिरून छातीने दाबून दाबून घेर वाढवायची, तेव्हा सगळं घरटं पिशवीत कुणी हात घातल्यासारखं हलायचं. नवरा, जांभळा चकचकीत, काय करत होता? तो माझ्या स्कूटरच्या आरशाशी मारामारी करत होता. रोज सकाळी दोन तास. आरशात दिसणारा तो दुसरा नर जातच नाही म्हटल्यावर बिचारा दमून जायचा. शेवटी आरशाला जुना मोजा घातला. पिल्लं झाल्यावर मात्र तोही भरवायला आला, त्याचं श्रेय त्याला देते.

सापांचं राहिलं. वैशाखात एकदा बांधावर दोन धामणी अंगाला अंग पिळून उभ्या राहिल्या होत्या, हातभर जमिनीच्या वर. गावातला पोरगा धावत घरी जाऊन कोरं उपरणं घेऊन आला, जोडी लागलेल्या सापांवर टाकलं की बरकत येते म्हणून. आणि धामण ही नागाची बायको, हे तर तिथे सगळ्यांनाच ठाऊक. खरं म्हणजे ते दोघेही नर होते. ती कुस्ती असते, चावत नाहीत, नुसतं एकमेकाला खाली दाबायचं, जो दबला तो गेला. मी त्याला हे सांगितलं. या वेळी तरी मला बरोबर माहीत होतं! त्याने ऐकून घेतलं, म्हणाला, "आसल ताई," आणि उपरणं टाकलंच. साप दोन दिशांना पळाले. उपरणं त्यांच्या देव्हाऱ्यात घडी घालून ठेवलंय, मी बघितलंय.

मे संपत आला की बाळहिरडा, म्हणजे हिरड्याची कोवळी फळं, गोळा करून अंगणात काळा पडेस्तोवर वाळवलेला असतो, पोती भरली जातात, आणि एके दिवशी पावशा ओरडायला लागतो, पेर्ते व्हा, पेर्ते व्हा, आवाज चढत चढत जातो. त्या दिवशी मावशी न सांगता येतात आणि माझ्या कौलांवर ताडपत्री टाकायला शिडी मागतात.