खाली माणूस आहे, बोट थांबवा

पाण्याखाली काम करणारा माणूस अंगावर येणारी बोट चुकवू शकत नाही. आज मी जे काही बोलणार आहे ते या एकाच गोष्टीवर उभं आहे, म्हणून आधी ती नीट समजून घेऊ.

रस्त्यावर मागून ट्रक आला की आपण वळून न बघता बाजूला होतो, कारण आवाज कुठून येतोय ते कान सांगतात. एका कानाला आवाज किंचित आधी पोचतो, दुसऱ्याला किंचित नंतर, आणि तेवढ्या फरकावरून मेंदू दिशा ओळखतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, पाण्यात साधारण १५०० मीटर. त्यामुळे दोन कानांमधला तो फरक पाण्यात पाव हिश्शाहूनही कमी उरतो. शिवाय पाण्यातला आवाज कवटीच्या हाडांतूनही थेट आत शिरतो. पाणबुड्याला इंजिनाची घरघर ऐकू येते, बरीच लांबून येते. पण ती डावीकडून की उजवीकडून, बोट अर्धा किलोमीटरवर आहे की डोक्यावर, याचा पत्ता लागत नाही. आणि डोळ्यांनी बघावं म्हटलं, तर आपल्या खाड्यांच्या गढूळ पाण्यात स्वतःच्या हाताची बोटं दिसायची मारामार.

मग पटकन वर यावं ना, असं कोणी म्हणेल. तसं येता येत नाही. दाबाखाली हवा घेत काम केलेल्याच्या रक्तात आणि स्नायूंमध्ये नायट्रोजन मुरलेला असतो. भसकन वर आलं की त्याचे बुडबुडे होतात, सांधे आखडतात, माणूस लुळा पडू शकतो, दगावूही शकतो. म्हणून सावकाश यायचं, आणि पाचेक मीटर खोलीवर तीन मिनिटं थांबायचं अशी पद्धत आहे. त्यानंतरचे शेवटचे दोन-तीन मीटर सगळ्यात वाईट. बोटींचे पंखे फिरतात ते त्याच थरात. म्हणजे काम संपवून, थकून, माणूस ज्या क्षणी सुटकेकडे निघालेला असतो त्याच क्षणी तो सर्वांत उघडा पडतो.

वरून नळीने हवा घेऊन काम करणाऱ्याची गोष्ट आणखी वेगळी. त्याची हवेची नळी, बोलण्याची तार आणि जीवरक्षक दोरी एकत्र बांधलेली असते, आणि तिचं वरचं टोक हातात धरून एक माणूस बसलेला असतो. टेलिफोन बंद पडला तर दोघांचं बोलणं त्या दोरीवर चालतं. एक ओढ म्हणजे ठीक आहे. चार म्हणजे वर घ्या. दोन-दोन-दोन म्हणजे अडकलोय, मदत पाठवा. दोरी धरणाऱ्याकडे कधी बघा तुम्ही. तो बोलत नाही, चहा पीत नाही. त्याचं सगळं लक्ष तळहाताच्या कातडीत उतरलेलं असतं. अशा वेळी बाजूने एखादी लाँच भरधाव गेली की तिच्या लाटेने तराफा हलतो आणि दोरीला हिसके बसतात. एक, दोन, तीन. हे खालच्याने ओढलं की लाटेने? आणि खालच्यालाही तोच प्रश्न पडतो, की वरून काही सांगतायत का. लाँचचा धक्का कोणाला लागला नाही, पंखा कोणाला लागला नाही, म्हणजे लाँचवाल्याच्या लेखी काहीच घडलेलं नाही. पण खाली दोन जिवांमधला एकुलता एक संवाद तिने पुसून टाकलेला असतो. क्रेनच्या आकड्याला लटकलेलं लोखंड त्याच लाटेने झुलतं, ते वेगळंच.

मोठं जहाज तर दूर असूनही त्रास देतं. अरुंद पात्रातून ते जातं तेव्हा त्याच्या दोन्ही अंगांना पाण्याची पातळी खाली बसते, पाणी काठाकडून ओढलं जातं आणि जहाज पुढे सरकलं की पुन्हा उसळून येतं. पुलाच्या खांबाशी काम करणारा माणूस त्या ओढीत सापडला की कशालातरी घट्ट धरून राहण्यापलीकडे त्याच्या हातात काही नसतं.

विजेच्या खांबावर चढणारा लाइनमन काय करतो ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज नेणारी लाइन, बंद केल्याचं परमिट घेतो, आणि तो स्वतः खाली उतरून परमिट परत देईपर्यंत वीज सोडायची नाही असा दंडक असतो. बंदरात जहाजाचा तळ तपासायला पाणबुड्या उतरतो तेव्हाही हेच करतात. इंजिन आणि पंखा अडकवून ठेवतात, पाणी आत खेचणारे पंप बंद करतात, कळीवर पाटी लावतात: खाली माणूस आहे. एका जहाजापुरतं हे सर्वांना पटतं. माझं म्हणणं इतकंच की नदीलाही तेच लागू करा. पात्र बंद झालं पाहिजे, आणि ते पुन्हा उघडायचा शब्द पाणबुड्यांच्या मुकादमाकडून आला पाहिजे. तिकीट खिडकीवरून नाही, पुढाऱ्याच्या फोनवरून नाही.

हे जमतं का? एक मोठं उदाहरण घेऊ. २६ मार्च २०२४ रोजी, पहाटे दीडच्या सुमारास, अमेरिकेत बाल्टिमोरला पटॅप्स्को नदीवरच्या फ्रान्सिस स्कॉट की पुलाला ‘डाली’ नावाचं सुमारे ३०० मीटर लांबीचं कंटेनर जहाज धडकलं आणि पूल कोसळला. जहाजावरच्या २१ खलाशांपैकी २० भारतीय होते, म्हणून आपल्याकडेही ती बातमी बरेच दिवस चालली. पुलावर रात्रपाळीत खड्डे बुजवणारे मजूर होते. त्यांतले सहा गेले. मेक्सिको, ग्वाटेमाला, होंडुरास, एल साल्वाडोर अशा ठिकाणांहून पोटासाठी आलेली ही माणसं.

तिथे तटरक्षक दलाच्या एका अधिकाऱ्याकडे बंदराचं पात्र बंद करण्याचा अधिकार असतो. त्याने पुलाभोवती २००० यार्डांचा, म्हणजे सुमारे १८०० मीटरचा पट्टा बंद केला. परवानगीशिवाय आत कोणी यायचं नाही. हे बंदर तेव्हा मोटारगाड्यांच्या आयात-निर्यातीत अमेरिकेत पहिल्या क्रमांकाचं होतं. २०२३ साली साडेआठ लाखांच्या आसपास गाड्या तिथून हलल्या. आतली जहाजं आत अडकली, बाहेरची दुसऱ्या बंदरांकडे वळली, हजारो लोकांचं काम थांबलं. दबाव किती असेल याची कल्पना करा.

आणि खाली काय चाललं होतं? पाण्यात फूट-दोन फुटांपलीकडे दिसत नव्हतं. दिवा लावला तर उजेड गाळाच्या कणांवरूनच परत फिरायचा. म्हणून वरच्या बोटीत सोनारचं, म्हणजे आवाजाच्या पडसादावरून पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राचं, चित्र बघणारा माणूस पाणबुड्याला तोंडी वाट सांगत होता: डावीकडे हात घाल, आता समोर तुळई आहे. वाकलेलं पोलाद, तारा, काँक्रीट, आणि त्यात चालणाऱ्याला दुसऱ्याच्या डोळ्यांचा आधार. दुसऱ्या दिवशी, २७ मार्चला, एका लाल पिकअप गाडीत दोघांचे मृतदेह मिळाले. त्यानंतर, बाकीच्या गाड्या काँक्रीटच्या ढिगाऱ्यात गाडल्या गेल्यात असं दिसल्यावर, पाणबुड्यांचा शोध थांबवला आणि आधी ढिगारा उपसायचं ठरलं. शेवटचा, सहावा मजूर ७ मे रोजी सापडला.

मला या सगळ्यात सर्वांत मोलाचं वाटतं ते पात्र उघडण्याची रीत. एकदम उघडलं नाही. १ एप्रिलला बाजूने ११ फूट खोलीची एक चिंचोळी वाट फक्त टग, म्हणजे जहाजं ओढणाऱ्या बोटी, आणि बार्ज, म्हणजे सपाट तळाच्या मालवाहू होड्या, यांच्यासाठी मोकळी केली. मग थोडी खोल, मग आणखी खोल. २५ एप्रिलला ३५ फुटांची वाट उघडली, अडकलेली काही जहाजं बाहेर पडली, आणि काही दिवसांत ती वाट पुन्हा बंद केली, कारण ‘डाली’वर पडलेलं पोलाद काढायचं होतं. उघडलेला मार्ग कामासाठी पुन्हा बंद करायला धमक लागते. पूर्ण रुंदीचं पात्र १० जूनला खुलं झालं. वाहतुकीचं नुकसान कोणी नाकारलं नाही, पण ते वाटाघाटीत पाणबुड्याच्या डोक्यावर टाकलं नाही.

अर्थात नदीतला प्रत्येक धोका असा बंद करता येत नाही. बुडापेस्टला २९ मे २०१९च्या रात्री ‘हाब्लेआन’ ही पर्यटकांची बोट एका मोठ्या क्रूझ जहाजाच्या धडकेने डॅन्यूबमध्ये बुडाली. दक्षिण कोरियाचे पर्यटक होते तीत. नदी फुगलेली, ओढ प्रचंड. हंगेरीचे आणि कोरियाचे पाणबुडे हजर असूनही त्यांना कित्येक दिवस नीट उतरता आलं नाही, आणि बुडालेल्या बोटीच्या आत शिरायला तर मनाईच होती. आपल्या महाडलाही २ ऑगस्ट २०१६च्या रात्री सावित्रीचा पूल गेला, दोन एसट्या वाहून गेल्या, तेव्हा पुराचं पाणीच मुख्य अडथळा होतं. क्रेनला लोहचुंबक बांधून शोध घेतला, आठवत असेल. पूर हुकूम देऊन थांबत नाही. म्हणूनच जे हुकूम देऊन थांबतं, म्हणजे इंजिन, ते तरी थांबवायला हवं. त्यात मदतीच्या बोटीसुद्धा आल्या. उत्साहाने आलेल्या चार बोटी पाणबुड्याभोवती फिरत असतील तर त्याच्या दृष्टीने त्याही चार पंखेच.

खुणेचं म्हणाल तर ती जगभर ठरलेली आहे. काठीकडे पांढरा, बाहेर निळा आणि टोकाला खाच असलेला झेंडा: माझा पाणबुड्या पाण्यात आहे, लांबून आणि हळू जा. समुद्रावरच्या टक्कर टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांत लहान बोटीसाठी या झेंड्याची किमान मीटरभर उंचीची ताठ पाटी लावायला सांगितली आहे, आणि रात्री लाल-पांढरा-लाल असे उभे तीन दिवे. फ्लोरिडात कायदा आणखी नेमका आहे. तिथे पाणबुड्यांचा झेंडा वेगळा असतो, लाल आणि त्यावर तिरपा पांढरा पट्टा. तो दिसला की मोकळ्या पाण्यात ३०० फूट, नदीत किंवा चिंचोळ्या मार्गात १०० फूट लांब राहायचा प्रयत्न करायचा. त्याहून जवळ जावंच लागलं तर इंजिन अगदी मंद. आणि पाणबुड्यांवरही बंधन आहे: त्यांनी झेंड्यापासून तेवढ्याच अंतरात राहायचं, आणि खाली कोणी नसताना झेंडा लावायचा नाही. ही दुसरी बाजू मला फार महत्त्वाची वाटते. दिवसभर फडकत राहिलेल्या झेंड्याकडे बोट चालवणारा कुठलाही तांडेल आठवडाभरात बघायचं सोडून देतो. मी किनाऱ्यावर असे झेंडे बघितलेत, उन्हाने विटलेले, सुतळीने कायमचे बांधलेले.

आता आपल्या दाराशी येऊ. पाणबुड्या म्हटलं की आपल्याला नौदलाचा जवान आठवतो, नाहीतर तारकर्लीचा स्कूबावाला. पण आपल्या खाड्यांमध्ये पिढ्यान्पिढ्या बुडी मारणारा माणूस आहे तो वाळू काढणारा. सरकारी कागदांत त्याच्या कामाला ‘हातपाटी-डुबी’ असं नावही आहे. बांबूच्या आधाराने तळाशी जायचं, श्वास रोखून पाटी किंवा बादली वाळूने भरायची आणि वर यायचं. नळी नाही, दोरीवरचं बोलणं नाही, झेंडा तर नाहीच. श्वास रोखून गेलेला असल्यामुळे त्याला पाच मीटरवर थांबायची गरज नसते, पण वर न येण्याचीही सोय नसते. छातीतली हवा संपली की तो येणार, वर बोट असो वा नसो.

याच खाड्यांमध्ये आता बोटी वाढतायत, आणि ते चांगलंच आहे. २०१६च्या कायद्याने देशातले १११ जलमार्ग राष्ट्रीय ठरले. त्यांत आपली उल्हास आहे, गोव्याच्या मांडवी आणि जुवारी आहेत. २०२४ साली वसई-भाईंदर रो-रो, म्हणजे गाड्यांसकट माणसं नेणारी फेरीबोट, सुरू झाली. तासभराचा वळसा वाचलेला माणूस त्या बोटीला दुवाच देणार. माझी तक्रार बोटीशी नाही. पण या सेवांची भाडी, फेऱ्या, जेटीची रुंदी यांवर जेवढी चर्चा होते, तिच्या शतांशाने तरी तळाशी असलेल्या माणसाची होते का? माझ्या ऐकण्यात ती कधी आलेली नाही. तो असंघटित आहे, त्याचं काम बेकायदा उपशाच्या बदनामीत मिसळून गेलंय, आणि सक्शन पंपाने वाळू उपसणाऱ्यांवरचा लोकांचा राग त्याच्यावर निघतो.

फेरी थांबवली तर शाळेची मुलं, दवाखान्यात निघालेले लोक खोळंबतील, हा आक्षेप खरा आहे आणि त्याला उत्तर द्यायला हवं. ते उत्तर पाण्यातच आहे. खाडीत बुडी मारायची योग्य वेळ असते ती पाण्याची ओढ मंदावते तेव्हाची, भरती संपून ओहोटी लागायच्या किंवा ओहोटी संपून भरती लागायच्या मधली. उधाणात, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीत, ती वेळ आखूड; भांगात, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीत, जरा लांब. भरती-ओहोटीचं कोष्टक वर्षभर आधी छापून येतं. पुलाच्या खांबाची तपासणी असो, केबल टाकायची असो किंवा डुबीचं काम असो, कोणत्या तारखेला किती वाजता माणूस खाली असेल हे आदल्या दिवशी सांगता येतं. तेवढ्या वेळात फेरी जेटीला बांधून ठेवायची किंवा ठरवून दिलेल्या लांबच्या वाटेने मंद न्यायची. वेळापत्रक त्याच कोष्टकावरून आखलं तर प्रवाशाला खोळंबा जाणवणारही नाही.

त्याशिवाय पात्राच्या वरच्या आणि खालच्या अंगाला एकेक राखणीची होडी हवी, कारण झेंडा नजरेतून सुटतो पण आडवी उभी होडी सुटत नाही. तांडेलाच्या परवान्याच्या परीक्षेत त्या निळ्या-पांढऱ्या झेंड्याचा प्रश्न हवा. वाळूचे परवाने देताना गटाच्या होडीवर झेंडा आणि लक्ष ठेवणारा एक माणूस ही अट हवी, आणि त्या माणसाची मजुरी धरूनच दर ठरावा. नाहीतर ती अट कागदावर राहील आणि राखणीला बसवलेला पोरगाही पाटी घेऊन खाली उतरेल.

आणि बंद केलेली वाट उघडायची कधी, याचं उत्तर लेखी हवं. खाली गेलेली डोकी आणि वर आलेली डोकी मुकादमाने मोजली, वहीत सही केली, झेंडा उतरवला, मगच जेटीवरच्या माणसाने दोर सोडायचा. जेटीवर फेऱ्यांच्या वेळांचा जो फळा असतो त्यात ‘आज पाणबुडे’ असा एक रकाना आखायला खडू आणि पट्टी पुरते. पुढच्या महिन्यात आपल्या जेटीवर तो रकाना आखला जावा म्हणून मी अर्ज लिहून आणलाय; ज्यांना सही करायची असेल त्यांनी जाताना माझ्याकडून घ्यावा.